केसपेपर कॉम्प्युटरवर जाताना

माझे शिक्षण कॉन्व्हेंटमधले, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला! विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचा आहे. दवाखान्यातला केसपेपर कॉम्प्युटरवर आणणे, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक मेडिकल रेकॉर्ड, थोडक्यात ईएमआर.

पाचव्या सेमिस्टरला आम्ही चौघींनी मिनी प्रोजेक्ट म्हणून दवाखान्याचे सॉफ्टवेअर बनवले. लॉगिन, डेटाबेस, रंगीत ग्राफ, सगळं होतं. व्हायव्हाला शाबासकीही मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत मी मोठ्या तोऱ्यात ते मावशीला दाखवलं. ती एका छोट्या दवाखान्यात वीस वर्षं सिस्टर आहे. तिने एक डमी पेशंट भरला आणि विचारलं, "अगं, ह्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, ते कुठे दिसणार?"

"तिसऱ्या टॅबमध्ये, मावशी."

"आमच्याकडे केसपेपरवर सगळ्यात वर लाल पेनाने लिहितात. समोर तीस पेशंट बसलेत, मी इंजेक्शन भरताना तिसरा टॅब उघडत बसू?"

मी गप्प! पेनिसिलिनच्या तीव्र अ‍ॅलर्जीत काही मिनिटांत श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. आमच्या प्रोजेक्टला मार्क मिळाले होते, पण त्या पेशंटचं काय? मग मी ह्या विषयावर वाचायला लागले. जे शिकले ते असे :

१) काम दुप्पट होता कामा नये. आधी रजिस्टर, मग पुन्हा कॉम्प्युटर, असं झालं की स्टाफ कंटाळतो आणि कॉम्प्युटरवर कापड पडतं. केनियातल्या एल्डोरेट इथल्या एचआयव्ही कार्यक्रमात ह्यावर साधा मार्ग काढला होता. डॉक्टर-सिस्टर नेहमीसारखा कागदी फॉर्म भरत, तो टाइप करायला वेगळी माणसं असत. बदल्यात कॉम्प्युटर पेशंटचा सारांश छापून देई आणि राहिलेल्या तपासणीची आठवणही करी. म्हणजे जो माहिती देतो, त्याला काहीतरी परत मिळालं पाहिजे.

२) फॉर्म बदलत राहणार. आम्ही प्रत्येक तपासणीला टेबलमध्ये एक कॉलम दिला होता. नवी तपासणी आली की टेबल मोडा! २००४ साली सुरू झालेल्या ओपनएमआरएस ह्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रश्न आणि उत्तर हा एका 'कन्सेप्ट डिक्शनरी'मधला शब्द असतो. नवी तपासणी म्हणजे नवा शब्द. डेटाबेसचा सांगाडा तसाच राहतो.

३) नेटवर भरवसा ठेवू नका. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी इथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था खेड्यातल्या लोकांसाठी हॉस्पिटल चालवते. तिथल्या गरजांवरून 'बाह्मनी' ही प्रणाली घडली. त्यात रेकॉर्डसाठी ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस आणि बिलासाठी ओडू एकत्र जोडले आहेत. हॉस्पिटलमधल्याच सर्व्हरवर ती चालू शकते, त्यामुळे बाहेरचं नेट गेलं म्हणून ओपीडी थांबत नाही.

४) कोणी काय पाहावे? बिल करणाऱ्याला पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट दिसायची गरज नाही. कामाप्रमाणे परवानगी हवी आणि कोणी काय उघडलं त्याची नोंदही हवी. आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातला 'आभा' नंबर १४ आकडी असतो. रेकॉर्ड मात्र एका मोठ्या गोदामात जात नाही. ते जिथे तयार झाले तिथेच राहते आणि पेशंटच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसते.

असो. सुट्टी संपायच्या आत आम्ही अ‍ॅलर्जीची लाल पट्टी प्रत्येक स्क्रीनवर सगळ्यात वर आणली. कोडच्या मोजून दहा-बारा ओळी! मावशीने पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "आता कसं केसपेपरासारखं दिसतंय."

व्हायव्हातल्या शाबासकीपेक्षा मला हेच वाक्य जास्त मोलाचं वाटलं.

ज्युनियर्सना एकच सांगणं. असा प्रोजेक्ट घ्याल तर ईआर डायग्राम काढण्याआधी, परवानगी घेऊन, एक सकाळ दवाखान्याच्या बाकावर बसा. सिस्टरचे हात कुठे कुठे जातात ते बघा. आणि हॉस्टेलवाल्यांनो, तुम्हाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आजच रूममेटला आणि रेक्टर सरांना सांगून ठेवा. त्याला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही!