चिखलातली वाट

मित्रहो, डोंगर तुम्हाला नवा नाही. चिखलही नवा नाही. तरी ही हकीकत वाचा. ती माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे.

सन २०१७ चा डिसेंबर महिना. दिवस थंडीचे. पण त्या वर्षी ५ डिसेंबरच्या सुमारास ओखी नावाचे चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. मुंबईत आणि कोकणात अवेळी पाऊस झाला. पुढच्या रविवारी आमच्या लालबागच्या चाळीतले आठ जण कनकेश्वराला निघाले. त्यांत मी होतो.

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस बंदर गाठले. तिथून एस.टी.ने मापगाव. मापगावाजवळ कनकेश्वराचा डोंगर आहे. उंची हजार फुटांहून जास्त. वर शंकराचे जुने देऊळ आणि तळे आहे. चढायला सातशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत. राघोजी आंग्रे यांच्या दिवाणाने त्या १७६४ साली बांधल्या.

आम्ही हळूहळू चढलो. झाडांच्या सावलीत चिखल अजून ओला होता. पायऱ्यांवर कुजलेला पाला आणि शेवाळ होते. वर पोचलो आणि शीण गेला. समोर पश्चिमेला समुद्र पसरला होता. पाण्यात खांदेरी आणि उंदेरी ही बेटे दिसत होती. खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतला. इंग्रजांनी आणि सिद्दीने विरोध केला, पण महाराजांनी बेट सोडले नाही.

दुपारी उतरायला लागलो. आमच्यात कचेरीत काम करणारा एक तरुण होता. तो घड्याळ बघून म्हणाला, "लाँच चुकेल! मी आडवाटेने पुढं जातो, लाँच थांबवतो."

आमच्या चाळीतले मामा ओरडले, "अरे थांब बाबा! घाई नाही." पण तो निघून गेला होता.

थोड्या वेळाने खालून हाक आली. तरुण घसरून पडला होता. घोटा टमकन सुजला होता. आम्ही उपरण्याने पाय बांधला. आळीपाळीने खांदा देत त्याला खाली आणले. उशीर झाला. तरी लाँच मिळाली!

ती कशी? मामांनी खिशातून कागद काढला. त्यावर लिहिले होते, "लाँच आज एक तास उशिरा." सकाळी बंदरावरच्या फळ्यावर खडूने तसे लिहिलेले होते. आम्ही सगळे त्या फळ्यासमोरून गेलो. वाचले फक्त मामांनी.

मामा गिरणीत कामाला होते. १९८२ च्या संपानंतर त्यांचे काम सुटले. साठी उलटल्यावर ते रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकले. मी विचारले, "मामा, सकाळीच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "गुरुजी, वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही वाचलंच असेल."

मी मान खाली घातली. आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवले, आणि समोरचा फळा वाचला नाही.

मित्रहो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली वाटेची. आडवाटेवर माणसे चालली की गवत मरते. मग पावसाचे पाणी त्याच वाटेने धावते, माती वाहून नेते आणि घळ पडते. म्हणून बांधलेली वाट सोडू नये. ओल्या उतारावर पावले लहान टाकावी, गुडघे थोडे वाकवावे, हातात काठी असावी. पुढच्या माणसाला खेटून चालू नये.

दुसरी अक्षरांची. जे वाचाल, ते सोबतच्यांना मोठ्याने सांगा. आपण नवे शिकलो म्हणून संकोच करू नका.

विचार करा

१. तरुणाने आडवाट का धरली?
२. आडवाटेने डोंगराचे काय नुकसान होते?
३. तुमच्या गावात कोणकोणत्या पाट्या व फळे आहेत? उद्या त्यांतली एक पाटी वाचा आणि घरी सांगा.