आधी ताव ओळखायला शीक

बर्डीवर मेन रोडला खोट्या दागिन्यांच्या दुकानापुढे थांबलीस की तुझं एकच असतं, ताई, हे मला घरी करता येईल. येईल गं. पण मणी ओवणं वेगळं आणि धातू घडवणं वेगळं. तिथे डिझाइनची वही सगळ्यात शेवटी उघडायची, आधी ताव शिकायचा.

तांब्याची नाहीतर चांदीची पट्टी ठोकत गेलीस की ती कडक होत जाते. वाकवताना हाताला जोर लागायला लागतो. तरीही रेटलंस तर तडा जातो. अशा वेळी तिला आचेवर मंद लाल होऊ द्यायचं आणि लाली गेली की पाण्यात बुडवायचं. धातू पुन्हा मऊ होतो. हाच ताव. चांदीची लाली इतकी फिकी असते की आपल्या नागपूरच्या उन्हात ती दिसतच नाही. म्हणून आचेचं काम सावलीत किंवा संध्याकाळी कर. सुरुवातीला चांदीवर मार्करने रेघ ओढून ठेव. ती उडाली की थांब. आणि मे महिन्यात कितीही जीव गेला तरी आच पेटलेली असताना कूलर बंद, खिडकी उघडी. कूलरच्या झोतात ज्योत वाकते, आणि बंद खोलीतला धूर तुझ्याच छातीत जातो. ओढणी बाजूला ठेव, केस घट्ट बांध, अंगात सुती कपडेच असू देत.

पहिला दागिना जोडवी कर. साधी पट्टी, गोल वळवलेली, तोंड उघडं. झाळायची, म्हणजे सोल्डरने सांधा जोडायची, गरजच नाही. करवत, कानस, हातोडी आणि ताव, एवढ्यात काम होतं. आधी तांब्यात कर, मग चांदीत.

झाळणं त्यानंतर. इथे घाई करू नकोस, पोरी. शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, आणि 7.5 टक्के तांबं मिसळलेली 925 चांदी तर 900 अंशांच्या आतच वितळायला लागते. सोल्डर साधारण 700 ते 750 अंशांत पाझरतं. मधलं अंतर थोडंच आहे. म्हणून ज्योत नुसती सोल्डरच्या तुकड्यावर रोखायची नाही, सगळा दागिना सारखा तापवायचा, कारण सोल्डर धावतं ते उष्णतेकडे. सांध्यातून उजेड दिसता कामा नये. फट सोल्डरने भरून निघत नाही. टाकणखार लावायला विसरू नकोस, नाहीतर तापलेल्या धातूवर काळा थर धरतो आणि सोल्डर बसतच नाही. तो थर काढायला तुरटीचं किंवा चिंचेचं कोमट पाणी, मग रिठा आणि ब्रश. आम्ल वापरायची वेळ आलीच, तर पाण्यात आम्ल ओत, आम्लात पाणी कधीही नाही.

एक गोष्ट फार जपून सांगते. सोल्डर घेताना कॅडमियम नसलेलंच माग. बाजारात केडीएम म्हणतात ते हेच कॅडमियम. स्वस्त पडतं, सहज वितळतं, पण त्याचा धूर फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करतो. कितीही जुन्या कारागिराने काही होत नाही म्हटलं, तरी ऐकू नकोस.

कारागिरांकडे जा मात्र नक्की. बर्डीहून मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनने चितार ओळीला उतर, तिथून इतवारीचा सराफा लांब नाही. फी द्यायची तयारी ठेव आणि कुणाच्या तरी शेजारी बसून हात बघ. ज्योत किती लांब धरतात, कधी हलवतात, हे व्हिडिओत धड कळत नाही. कानशीचा चूरही ते कसा एकेक कण जपतात ते पाहा. सराफ्यातला केरकचरा धुऊन त्यातून सोनं काढणारे झारेकरी उगाच झाले नाहीत.

सोन्याला एवढ्यात हात लावू नकोस, आणि मैत्रिणींच्या ऑर्डरी तर मुळीच घेऊ नकोस. पुढे विकायला लागलीस की चांदीची शुद्धता बिलावर स्पष्ट लिही. हॉलमार्क आपल्या हाताने ठोकायचा नसतो, तो मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावा लागतो. सध्या तांब्याची पट्टी, एक करवत, एक कानस आणि एक हातोडी आण, बाकीचं सामान जोडवी जमल्यावर घेऊ.