रानापासून पानझडीपर्यंत

नांदेडला आणि लातूरला आम्ही काही कवितावेडी मंडळी अधूनमधून एकत्र बसतो. एकाच कवीचं सुरुवातीचं आणि नंतरचं लेखन शेजारी ठेवून मोठ्याने वाचतो, आणि मग जो तो मनातलं बोलतो. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) आणि ‘पानझड’ (१९९७) ही आमची आवडती जोडी. कवितेबद्दल मला जे थोडंफार उमगलं, ते या बैठकीतल्या वाचकांनीच दिलेलं.

१. तरुणांना तरुण कवीच भावेल असं नाही. लातूरला शिकवण्यांसाठी खोली करून राहणारी औसा-निलंग्याकडची पोरं ‘पानझड’जवळ थांबली. आटलेल्या विहिरी आणि टँकर पाहत ती वाढली. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती त्यांनी लहानपणी पाहिलेली. हिरव्या रानाने हरखून गेलेला पंचविशीतला कवी त्यांना गोड वाटला. पण आपला वाटला तो पंचावन्नाव्या वर्षीचा. ‘रानातल्या कविता’वर जीव टाकला तो सत्तरी ओलांडलेल्यांनी. ते रान त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

२. कवितेला अर्थ असतो, तसा हंगामही असतो. एकदा लोह्याकडच्या एका आजोबांनी वाचन मध्येच थांबवून विचारलं, “सर, हे रान कोन्या महिन्यातलं हाय?” मग ज्वारी पोटरीत आहे, निसवलीय की हुरड्याला आलीय, यावर जाणती मंडळी बोलत राहिली. ती कविता मी वर्गात अनेकदा शिकवली होती. प्रतिमा, लय, सगळं सांगून झालं होतं. हा प्रश्न मात्र कधी कुणी विचारला नव्हता. महानोर शिक्षण अर्ध्यावर सोडून पळसखेडला शेती करायला परतले, हे आपण कवीच्या परिचयात वाचतो आणि पुढे जातो. आजोबांनी त्या शेतकऱ्याला ओळीओळीत ओळखलं. त्यानंतर मी कुठलीही रानातली कविता वाचायला घेतली, की आधी महिना शोधतो.

३. गाण्याच्या वाटेने आलेला वाचकही पक्का वाचक होतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी ‘जैत रे जैत’ चित्रपटातल्या (१९७७) गाण्यांमुळे महानोरांपर्यंत पोचल्या. पुस्तक उघडलं की त्या आधी ओळखीची चाल शोधतात. नांदेडच्या एक ताई अशाच गुणगुणत पानं उलटत होत्या. चाल नसलेल्या एका कवितेपाशी त्या थबकल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या आणि तीच कविता त्यांनी वहीत उतरवून घेतली. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीताने दार उघडून दिलं होतं. आत त्या स्वतःच्या पायांनी गेल्या.

४. वाचकाचा खरा अभिप्राय बऱ्याचदा पेन्सिलीने लिहिलेला असतो. वाचनालयातली जुनी प्रत हातात आली, तर मी आधी समास चाळतो. एका प्रतीत दोन वेगवेगळ्या हातांच्या खुणा सापडल्या. एकाने पावसाच्या ओळींखाली ठळक रेघा ओढलेल्या; दुसऱ्याने घराच्या, माणसांच्या ओळींशेजारी बारीक फुल्या केलेल्या. एकही खूण दोघांची मिळून नव्हती. समारंभातल्या भाषणांपेक्षा या खुणांवर माझा जास्त विश्वास आहे, कारण त्या कुणाला दाखवायला केलेल्या नसतात.

५. ‘आधीचा कवी मोठा की नंतरचा?’ हा वाद दोन्ही पुस्तकं एका बैठकीत वाचली की विरघळतो. नांदेड हे विचारवंत नरहर कुरुंदकरांचं गाव. इथे वाद घालायला कुणाला आमंत्रण लागत नाही. पण ‘पानझड’ वाचून पुन्हा ‘रानातल्या कविता’ उघडली, तेव्हा हिरीरीने बोलणारेही गप्प झाले. शब्द तेच होते, पण वाचणारे आता पुढचं सगळं जाणत होते. या दोन पुस्तकांच्या मध्ये १९७२चा दुष्काळ आहे, रिकामी होत गेलेली गावं आहेत. नंतरच्या कवितेने आधीच्या आनंदाची किंमत सांगितली, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

६. प्रत्येक कवीला ‘नंतर’ मिळतंच असं नाही. आमच्या शेजारच्या परभणीचे बी. रघुनाथ. निजामी राजवटीत बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. ‘आलाप आणि विलाप’ १९४१ साली आला. १९५३मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते गेले आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ १९५५मध्ये त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. त्या दुसऱ्या संग्रहाबद्दल वाचकांना काय वाटलं, हे त्यांना कधीच कळलं नाही. त्यांच्या कविता वाचताना मला ही गोष्ट फार लागते.

७. म्हणून दाद वेळेवर पोचवावी. पहिल्या संग्रहाचं कौतुक सगळे करतात. पाचव्या-सहाव्या संग्रहापर्यंत कवी ‘ज्येष्ठ’ होतो आणि त्याला वाचकांऐवजी शाली मिळू लागतात. महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले, तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांची जुनी गाणी होती. ती असणारच, आणि ती आहेतही तशीच गोड. पण मराठवाड्यात आजही साठी-सत्तरीतले कवी नव्याने लिहिताहेत. आमच्या बैठकीने आता एक रीत पाडली आहे: वाचन संपलं की त्या कवीच्या सगळ्यात अलीकडच्या पुस्तकावर चार ओळींचं पत्र लिहायचं. काय आवडलं, कुठे अडलं, कोणता महिना आठवला, एवढंच. तुमच्या गावाजवळही असा एखादा कवी असेलच. त्याचं ताजं पुस्तक आधी वाचा आणि त्याला कळवा.