साभार परत आलेली कथा

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत पाळीचे काम सांभाळून कथालेखन चालू आहे, पण मासिकांकडे पाठवलेल्या कथा साभार परत येतात. पैसे भरून पुस्तक काढावे की लेखन थांबवावे?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : 'साभार परत', म्हणजे संपादकाने आभार मानून परत केलेले लेखन, हा लेखकाच्या कुवतीवरचा निकाल नसून अंकातील जागा, विषय आणि संपादकीय निवड यांतून झालेला त्या एका कथेपुरता निर्णय असतो. कष्टाची नोकरीही लेखनाच्या आड येतेच असे नाही. गिरणीत आणि शाळेत शिपाई म्हणून राबलेल्या नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला कवितासंग्रह १९६२ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या कवितेला आशय मिळाला तो याच श्रमजीवनातून.

परत आलेली कथा काही आठवडे बाजूला ठेवून पुन्हा तपासावी, जाणत्या वाचकाला दाखवावी आणि मगच दुसरीकडे पाठवावी. एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी मात्र देऊ नये. दिवाळी अंकांची जुळवाजुळव काही महिने आधी सुरू होत असल्याने त्यांच्यासाठीचे लेखन पावसाळ्याच्या आरंभीच पाठवणे इष्ट. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात नियतकालिके चाळल्यास कोणाकडे कोणत्या प्रकारची कथा छापली जाते, हे उमगते.

पुरेशा कथा जमल्यावर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचा, म्हणजे पहिल्या पुस्तकासाठीच्या अर्थसाहाय्याचा, विचार करता येतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. परंतु प्रतींची संख्या, वितरण आणि स्वामित्वहक्क लेखी करारात स्पष्ट झाल्याखेरीज रक्कम देऊ नये आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. लेखन थांबवण्याचे काहीच कारण नाही.