बांधावरून पाहिलेले सामने

जव्हार-मोखाडा हे जोडनाव वर्तमानपत्रात येतं ते कुपोषणाच्या, नाहीतर टँकरच्या बातमीत. त्या बातम्या खोट्या नाहीत. पण बदली होऊन इकडे आलेल्या माझ्यासारख्या मास्तराचे हिवाळ्यातले रविवार पाड्यापाड्यांवरच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांत जातात, त्याची बातमी कोण छापणार? इंग्लंडात फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींखाली शेकडो छोटे क्लब खेळतात. त्यांची मैदानं एकेक करून पाहत हिंडणाऱ्यांचा तिकडे एक पंथच आहे म्हणे. हातात चहाचा कप घ्यायचा, कठड्याला टेकायचं आणि ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत असे बावीस जण खेळताना पाहायचे. आमच्याकडे कठड्याच्या जागी शेताचा बांध आहे, एवढाच फरक. तिथे बसून जे ध्यानात आलं ते सांगतो. कुणाला यायचं असेल तर उपयोगी पडेल.

१. तारीख भाताला विचारावी

पत्रक छापून होण्याआधीच स्पर्धेची तारीख शेतात ठरलेली असते, कारण मैदान म्हणजे कापणी झालेलं भातखाचर. हळवा भात दसऱ्याच्या आगेमागे निघतो, गरवा दिवाळीनंतर. भारे खळ्यावर गेले, उडवी रचून झाली, की पोरं विळे-फावडी घेऊन खाचरात उतरतात. धसकटं तासायची, उंदरांची बिळं बुजवायची, मधली पट्टी पाणी मारून चोपण्याने चोपायची. खळं करणारे हात तेच, त्यामुळे पीच भलतीच गुळगुळीत होते आणि चेंडू टप्पा पडून इमानदारीत सरळ येतो. पट्टीबाहेर मात्र देव जाणे. वाळलेल्या चिखलाच्या भेगेत चेंडू रुतला आणि तो उपसेपर्यंत फलंदाज तीन धावा पळाले, हे मी पाहिलंय.

मोखाड्याकडे, खोडाळ्याच्या बाजूला तर सपाट जागा मिळणंच मुश्कील. खाचरं पायऱ्यापायऱ्यांची. लाँगऑनचा गडी एक बांध खाली उभा असतो आणि फलंदाजाला त्याची फक्त टोपी दिसते. मारलेला झेल त्याने घेतला की सोडला, हे वर आलेल्या आरडाओरडीवरून ओळखायचं. ऐनाच्या झाडाला चेंडू लागला तर दोन धावा, घराच्या कौलांवर गेला तर फलंदाज बाद, असे त्या त्या मैदानाचे कायदे नाणेफेकीआधी माइकवर सांगतात. ते नीट ऐकून ठेवा, नाहीतर पुढचा सामना डोक्यावरून जाईल.

होळी सरली, पुढच्या भाताच्या रोपांसाठी राब भाजायला सुरुवात झाली, की हंगाम आटोपला. राबाच्या तुकड्यावर मैदान आखायचं नाही, हा नियम मात्र माइकवर कुणाला सांगावा लागत नाही.

२. पत्रकावरच्या वेळेला जाऊ नये

‘सकाळी ठीक ८ वाजता’ असं लिहिलेलं असतं. आठ वाजता खाचरात मंडपवाला आणि दोन कुत्री असतात. संघ पिकअपमध्ये उभे राहून येतात आणि त्या पिकअपला वाटेत आणखी चार कामं असतात. आयोजकाला फोन लावून उपयोग नाही, कारण तो रेंजमध्ये असला तर मैदानावर नसतो. टपरीवर विचारलं तर उत्तर मिळतं, “भोंगा वाजतोय ना, आवाजाच्या बाजूला जा.” हाही सल्ला जपून घ्यावा. या डोंगरांत आवाज समोरच्या कड्यावर आपटून भलत्याच बाजूने येतो.

३. संघाची यादी गावाच्या हजेरीपटासारखी वाचावी

हा मुद्दा सगळ्यांत मोठा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. 

पत्रकावर ठळक अक्षरांत असतं: एक गाव एक संघ, आधार कार्ड आवश्यक. ठाणे-रायगडच्या मोठ्या स्पर्धांत पैसे देऊन बाहेरचे नामांकित खेळाडू आणतात. टेनिस चेंडूचं क्रिकेट आता चांगलंच पैसेवालं झालंय. २०२४ मध्ये तर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर झाला. आमच्या पोरांनीही तो फोनवर, जिथे रेंज सापडेल त्या दगडावर चढून पाहिला. पण पाड्यावरच्या स्पर्धेत बाहेरचा चालत नाही आणि बाहेरचा कोण यावर अर्धी सकाळ जाते.

एकदा एका संघात घरजावई होता. आधार कार्डावर पत्ता विक्रमगड तालुक्यातला. समोरच्या कप्तानाने हरकत घेतली. दोन्हीकडची पोरं कार्डं नाचवायला लागली, तेव्हा बाजूला विडी ओढत बसलेला एक म्हातारा उठून आला. “पेरायला हा, लावणीला हा, मयताला हा. मंग मॅचलाच परका कसा रं?” यावर कुणाला बोलता येईना. शेवटी तोड निघाली. फलंदाजी करू दे, गोलंदाजी नको. क्रिकेटच्या कुठल्याही नियमपुस्तकात हा निवाडा सापडणार नाही आणि तरी तो दोन्ही संघांनी मानला.

यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही हे जास्त बोलतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या स्पर्धेत संघ भरलेला असतो, राखीव खेळाडूसुद्धा रुसून बसण्याइतके. मग एकेक कुटुंब बिऱ्हाड बांधून निघतं. कुणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी वसई-विरारला बांधकामावर. भट्टीची उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायला नवरा-बायको-पोरं सगळीच लागतात. जानेवारीत तोच संघ पाहा. सलामीचा फलंदाज गेलेला, यष्टीरक्षक गेलेला, त्याच्या जागी नववीतला मुलगा, ग्लोव्ह्ज कोपरापर्यंत आलेले. होळीला सगळे परततात. या भागात होळी दिवाळीपेक्षा मोठी, तिला घरी यायचंच. त्या चार-आठ दिवसांत जी स्पर्धा होते तिची मजा वेगळी. भट्टीवर महिनोन्‌महिने विटा थापून आलेल्या माणसाचा मनगटाचा फटका ज्याने पाहिला नाही त्याने टेनिस क्रिकेटवर मत देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

स्थलांतराचे सरकारी आकडे कधी गोळा होतात आणि कसे, त्यात मी पडत नाही. मला आमच्या वर्गातली कुठली पोरं उद्यापासून येणार नाहीत हे बरेचदा रविवारी मैदानावर त्यांच्या बापाची जागा रिकामी पाहून कळतं.

४. खिशात सुट्टे ठेवावेत

माइकवाला पाहुण्याला हेरतोच. “शाळेचे सर आपल्यात उपस्थित झालेले आहेत” हे वाक्य आलं, की पुढचं वाक्य आलंच म्हणून समजा: “सरांकडून पुढच्या षटकाराला किती?” तुम्ही मान हलवेपर्यंत रक्कम जाहीर झालेली असते. सरपंचांकडून १०१, टपरीवाल्याकडून ५१ आणि पाच अंड्यांची भुर्जी. पाचशेची नोट काढलीत तर सुट्टे परत मिळण्याची आशा सोडा.

समालोचन ऐकण्यासारखं असतं. दूरदर्शनवरची संस्कृताळलेली मराठी, आयपीएलमधलं हिंदी-इंग्रजी आणि घरची बोली, तिन्ही एकाच वाक्यात. चेंडू हवेत असताना “एमएच ०४ वाली मोटारसायकल वाटेतून काढा” हेही त्याच दमात.

५. कुणाच्या बाजूने, हे विचारू नये

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना एकदा पाहिला. तिथे प्रेक्षक पेठांप्रमाणे वाटून बसतात. आपला कोण आणि परका कोण, याबद्दल पोटातल्या मुलालाही शंका नसते. तालमींचं हे फुटबॉल म्हणजे शहराच्या जुन्या अस्मितांचा हिशेब, आणि तो चुकता करताना पोलीस बंदोबस्तही लागतो.

तोच चष्मा लावून मी इकडे पाहायला गेलो तर काही जुळेना. कारण इथे समोरचा संघ म्हणजे सोयरे. या पाड्यातली मुलगी त्या पाड्यात दिलेली, त्या पाड्यातली इकडे आणलेली. गोलंदाज मेहुण्याला टाकतो, पंच कुणाचा तरी सासरा. शिवीगाळ होते, नाही असं नाही, पण ती एका ठरावीक उंचीवर जाऊन थांबते. पुढच्या लग्नात मांडवात एकत्र यायचंय.

एका सामन्यात बांधावर माझ्या शेजारी एक बाई कडेवर पोर घेऊन बसली होती. फलंदाजी तिच्या माहेरची, क्षेत्ररक्षण सासरचं. चौकार गेला की टाळी, गडी बाद झाला की पुन्हा टाळी. पलीकडच्या म्हातारीने हटकलं, “तू कोणाची गं नक्की?” बाई पोराच्या तोंडात बोराची फोड देत म्हणाली, “बॅट भावाची, बॉल नवऱ्याचा. मी पोराला घेऊन आलेय.” मग भाऊ नवऱ्याच्याच हातात झेल देऊन परतला, आणि बाई अशी काही हसली की तिचं पोर दचकून रडायला लागलं. नवऱ्याने झेल घेतल्यावर आधी बांधाकडे पाहिलं. घरी काय वाढून ठेवलंय याचा अंदाज घेत असावा.

६. पंचगिरी नाकारावी, गुणलेखन घ्यावं

शिकलेला माणूस दिसला की त्याला काम लावतात. पंच होऊ नका. पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच असतो, त्यामुळे त्याच्या निर्णयावर कुणाचाच विश्वास नसतो, आणि ‘बॉल परत टाक’ हा एकच निकाल सगळ्यांना मान्य असतो. त्याला सरांची गरज नाही.

गुणलेखन मात्र जरूर घ्या. सावली मिळते, चहा आधी मिळतो. शंभर पानी वही, पट्टीने आखलेले रकाने, दोरीला बांधलेला पेन. अडचण नावांची. एकाच पाड्यात आडनाव एक, नावंही तीच फिरून फिरून. म्हणून पाठीवरच्या आकड्यावर विसंबावं तर संघात तीन १८, दोन ७ आणि एक ४५. कोहली, धोनी, रोहित सोडून आकडेच उरलेले नाहीत. शेवटी वहीत ‘मोठा १८’, ‘काळा १८’, ‘चष्म्याचा ७’ असं लिहावं लागतं. हीच वही बक्षीस समारंभात उत्कृष्ट फलंदाज ठरवायला वापरतात, तेव्हा ‘काळा १८’ असं माइकवर पुकारलं की दोघं उठतात.

७. पाणी आपलं न्यावं

मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे आणि उन्हाळा लागला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. मैदानावरचा पाण्याचा पिंप कुणाच्या तरी बायकोने, बहिणीने डोक्यावरून हंडे आणून भरलेला असतो. तो खेळणाऱ्यांसाठी. आपण बाटली न्यावी. चहा मात्र नाही म्हणू नये. गवती चहाची पात घातलेला कोरा चहा या थंडीत जो लागतो तो लागतो. भजी, वडापाव, उकडलेली अंडी मिळतात. दुपारनंतर मैदानाच्या मागच्या बाजूला आणखीही काही मिळतं, तिकडे मास्तराने जायचं नसतं.

८. मुलींचे सामने शाळेच्या मैदानावर पाहावेत

पाड्यावरच्या स्पर्धेत मुली प्रेक्षक असतात, हे मला खटकतं. त्यांना खेळताना पाहायचं तर आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांना जावं. जव्हार आदिवासी विकास प्रकल्पातल्या शाळांच्या मुली कबड्डीला, खो-खोला आणि धावायला उतरतात तेव्हा बांधावरच्या सगळ्या बढाया फिक्या वाटतात. डोंगर ओलांडला की हरसूलजवळचं सावरपाडा. तिथली कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. आमच्या मुलींना तिचं नाव सांगावं लागत नाही.

९. फायनल पाहायची तर घरी सांगून निघावं

सामने पाच-सहा षटकांचे, तरी दिवस पुरत नाही. उपांत्य फेरीला ऊन उतरतं, अंतिम सामन्याला चेंडू दिसेनासा होतो. पिकअपचे दिवे मैदानाकडे वळवून खेळवून पाहतात. एका बाजूने फलंदाजाचे डोळे दिपतात, दुसऱ्या बाजूने त्याचीच सावली चेंडूवर पडते. मग दोन्ही कप्तान बाजूला जाऊन बोलतात आणि बक्षीस विभागून घ्यायचं ठरतं.

चषकाचं सोपं असतं. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. एका मंडळाचा फिरता चषक तर इतका जुना आहे की त्याच्या पट्टीवर अजून ‘जि. ठाणे’ आहे. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, पण पट्टी बदलायची वर्गणी कुणी काढलेली नाही. 

पहिलं बक्षीस बोकड असेल तर मात्र पेच पडतो. तो सकाळपासून मंडपाच्या खांबाला बांधलेला, गळ्यात झेंडूची माळ, आणि दुपारपर्यंत ती त्याने स्वतःच खाल्लेली. सहा महिने इकडे-तिकडे याला करता येत नाही. सोयरेच असल्याने तो त्याच रात्री यजमान पाड्यात कापायचा, दोन्ही संघांनी मिळून खायचा, असं ठरतं. मटणाचे वाटे बिनबोभाट पडतात. भांडण होतं ते मुंडीवरून. मागच्या खेपेला मी निघालो तेव्हा म्हातारे आणि कप्तान मिळून त्यावर तासभर बोलत होते आणि कुणीतरी माझ्याकडे वही मागायला आलं होतं, धावगतीवर मुंडी कुणाला जाते ते बघायला.