आजोबांचा निसणा

आज जरा वेगळा धडा, मित्रांनो. हात काळे करणारा.

गावाहून निघताना बाबांनी आजोबांच्या सुतारकामाच्या पेटीतल्या दोन पटाश्या आणि एक निसणा माझ्या बॅगेत टाकला. निसणा म्हणजे धार लावायचा दगड. काळाकुट्ट, चिकट, वरून चकाकणारा. त्यावर पटाशी नुसती घसरायची. मी म्हटलं, हा झिजून संपला. बाबा म्हणाले, "दगड संपत नाही रे, तुंबतो."

आणि ते खरंच आहे. कारखान्यात बनलेला असा दगड म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण, भट्टीत एकमेकांना धरून बसलेले. सिलिकॉन कार्बाइड १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांच्या हाती लागलं आणि त्यांनी त्याला 'कार्बोरंडम' म्हटलं. त्यातला 'रंडम' आला 'कोरंडम'वरून, म्हणजे आपल्या कुरुंदाच्या नात्यातला! तर या कणांच्या फटीत तेल आणि लोखंडाची पूड अडकते. त्यात सुताराच्या हाताशी असतं अळशीचं तेल. ते हवेने घट्ट होतं, मग कणांची टोकं दिसेनाशी होतात. गोडं तेलही वर्षानुवर्षांनी चिकट डिंकासारखं होतं. म्हणून दगडावर शिलाई मशिनचं तेल बरं.

मी रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दगड दोन दिवस बुडवून ठेवला. डबा बाल्कनीत हवा. गॅसपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब. हातमोजे घालून नायलॉनच्या ब्रशने घासलं, तर शाई सांडावी तसं काळं पाणी सुटलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा घासलं. शेवटी भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी. उकळायचा मोह आवरा, जुना दगड तडकू शकतो. वापरलेलं टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका. बाटलीत भरून ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं. (हे सगळं तेलाच्या दगडाचं. जपानी पाण्याचा दगड टर्पेंटाइनमध्ये टाकायचा नाही.)

दगड आतून राखाडी निघाला. मग त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली, तर मधोमध खालून उजेड दिसला. चांगला खोलगट झाला होता.

इथे मी थांबलो. ती खोल आजोबांच्या हाताची. चालू कोडला उगाच हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम, आणि कोयता किंवा विळी असती तर मी तो पाळलाही असता. त्यांना खोलगट दगड चालतो. पटाशीला चालत नाही. तिची पाठ सपाट राहत नाही, धार गोलसर येते.

बाबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "पटाश्या वापरणार आहेस ना?"

"हो."

"मग घास."

जाड काचेवर ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची पूड, थोडं पाणी. दगडावर पेन्सिलने उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत राहिलो. मधेच दगडाची दिशा बदलायची, नाहीतर एकच बाजू जास्त उतरते. कडेच्या रेघा लगेच गेल्या. मधल्या जाईनात. तीन संध्याकाळी लागल्या. खालची सोसायटीतली मुलं "काका, काय दळताय?" विचारून गेली. एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, तो तसाच ठेवला. त्याने धारेला काही होत नाही. बारीक बाजूसाठी मात्र काच धुऊन बारीक पूड घ्या, जाड कण राहिले तर चरे पडतात.

मग दोन थेंब तेल टाकून पटाशी फिरवली. आता ती घसरली नाही, धरून चालली.

बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी विचारलं, "मधे किती खाली गेला होता?"

मी मोजलंच नव्हतं. तुम्ही घासायच्या आधी मोजून लिहून ठेवा.