शोधनिबंधाची परीक्षा : उद्धरणांची संख्या आणि वैद्याचा विवेक

वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायाच्या आरंभीच सांगितले आहे. लोकात वैद्यकाचे अनेक ग्रंथ प्रचारात असतात. त्यांपैकी कोणता स्वीकारावा याच्या कसोट्याही तेथे दिल्या आहेत. कीर्तिमान व धीर पुरुषांनी ज्याचा आश्रय केला आहे, आप्तजनांना जो मान्य आहे, असा ग्रंथ घ्यावा. परंतु आचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. तो अर्थसंपन्न असावा, पुनरुक्तिदोषापासून मुक्त असावा, त्यातील प्रकरणांची सरमिसळ झालेली नसावी, तो लक्षणे व उदाहरणे यांनी युक्त असावा, असेही ते सांगतात. लोकमान्यता ही अनेक कसोट्यांपैकी एक कसोटी होय. ती एकमेव नव्हे.

आज आपल्यापुढे ग्रंथांऐवजी शोधनिबंध येतात. काही महिन्यांपूर्वी एका औषध-उत्पादकाचा प्रतिनिधी आमच्या चिकित्सालयात आला. संधिवातावरील एका पेटंट औषधाची रंगीत पुस्तिका त्याने पुढे ठेवली. ‘आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रसिद्ध, इम्पॅक्ट फॅक्टर ६ पेक्षा अधिक’ असे तीवर ठळक छापले होते. आम्ही मूळ निबंध मागितला. तो १२ रुग्णांचा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि त्या जर्नलने छापलेला आयएसएसएन क्रमांक भलत्याच नियतकालिकाचा निघाला. प्रतिनिधी प्रामाणिक होता. त्याला हे काहीच ठाऊक नव्हते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या, गुडघे धरून दवाखान्यात येणाऱ्या मजूर स्त्रीला मात्र त्या आकड्याच्या भरवशावर महिनाभराचे औषध विकत घ्यावे लागले असते. म्हणून हा विषय केवळ प्राध्यापकांचा नसून आपलाही आहे, असे आम्हांस वाटते.

उद्धरण-सूचीचा मूळ हेतू

एखाद्या लेखकाने आपल्या निबंधात पूर्वीच्या निबंधाचा संदर्भ दिला की त्यास उद्धरण किंवा सायटेशन म्हणतात. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, याची सूची म्हणजे उद्धरण-सूची. ही कल्पना विज्ञानात येण्यापूर्वी वकिलीच्या व्यवसायात रूढ होती. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची निघू लागली. जुना न्यायनिर्णय पुढच्या न्यायालयांनी उचलून धरला, मर्यादित केला की रद्द ठरवला, हे वकिलास तीवरून समजे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये हीच पद्धत विज्ञानासाठी सुचवली आणि त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. आजचा ‘वेब ऑफ सायन्स’ हा त्याचाच वंशज होय. २००४ मध्ये ‘स्कोपस’ व ‘गूगल स्कॉलर’ यांची भर पडली. पहिल्या दोहोंना वर्गणी लागते. गूगल स्कॉलर सर्वांस विनामूल्य आहे. वैद्यकीय निबंधांसाठी अमेरिकेचे ‘पबमेड’ १९९७ पासून विनामूल्य खुले आहे.

वकिलाने त्या सूचीत उल्लेखांची संख्या मोजली नाही; निर्णयाचे पुढे काय झाले याचा माग काढला. मोजदाद नंतर आली आणि माग मागे पडला. सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

आकड्यांचा अर्थ

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे प्रभावांक, हा नियतकालिकाचा आकडा आहे. समजा, एका नियतकालिकाने २०२२ व २०२३ या दोन वर्षांत मिळून १०० निबंध छापले आणि २०२४ मध्ये त्या निबंधांचा उल्लेख इतरत्र १५० वेळा झाला, तर त्याचा २०२४ चा प्रभावांक १.५ होईल. ही सरासरी आहे. त्या १०० पैकी पाच निबंधांनीच बहुतेक उल्लेख मिळवले असतील आणि उरलेल्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसेल, तरीही प्रत्येक लेखक ‘१.५’ हा आकडा मिरवू शकतो. खरा प्रभावांक ‘क्लॅरिव्हेट’ ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. तिच्या यादीत नसलेल्या नियतकालिकांना भारदस्त नावाचे बनावट प्रभावांक विकणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा आहे.

एच-इंडेक्स हा व्यक्तीचा आकडा आहे. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ व ३ उद्धरणे मिळाली असतील, तर चार निबंधांना किमान चार-चार उद्धरणे आहेत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स ४. वय वाढेल तसा हा आकडा वाढतो किंवा तेवढाच राहतो, घटत मात्र कधीच नाही. शिवाय, ज्या विषयात संशोधक पुष्कळ त्या विषयात तो सहज मोठा होतो. त्यामुळे रसशास्त्राच्या अभ्यासकाची तुलना कर्करोग-संशोधकाशी या आकड्याने करणे म्हणजे दोन भिन्न मानांची मापे एकाच तराजूत घालणे होय.

निबंधातील औषध रुग्णास गुण देते की नाही, हे यांपैकी एकही आकडा सांगत नाही.

पुण्याचा अभ्यास

अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या निबंधांच्या संख्येशी बांधल्या गेल्यावर पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके देशभर फोफावली. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. या यादीचीच परीक्षा पुण्यात झाली. आयुर्वेदीय औषधींवरील संशोधनासाठी ख्यात असलेले डॉ. भूषण पटवर्धन, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. शुभदा नगरकर व त्यांचे सहकारी यांचा निबंध मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या ५,६९९ नियतकालिकांतून त्यांनी १,३३६ नियतकालिके यदृच्छेने निवडली. त्यांपैकी ३२७ वेब ऑफ सायन्स वा स्कोपस यांत आधीच नोंदलेली होती. ती वगळून १,००९ तपासली. दर १०० मागे ८८ हून अधिक नियतकालिके कसोटीस उतरली नाहीत. कोणाचा पत्ता नव्हता, कोणाच्या संपादकांची नावे नव्हती, कोणाचा आयएसएसएन चुकीचा, तर कोणाचा प्रभावांक खोटा होता.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही व्यवस्था जाहीर झाली आणि तिचा कक्ष पुणे विद्यापीठातच स्थापन होऊन जून २०१९ मध्ये नवी यादी आली. तीही टिकली नाही. आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, नियतकालिकांची पारख संस्थांनी स्वतःच करावी असे सांगून त्यासाठी सूचक निकष पुढे ठेवले. यावरून आम्ही एवढाच बोध घेतो की, शासकीय यादी कितीही सद्धेतूने केलेली असली तरी ती वाचकास पारखीच्या जबाबदारीतून मुक्त करीत नाही.

अधिक उद्धरणे म्हणजे अधिक गुण नव्हे

उद्धरण म्हणजे प्रशंसा, हा दुसरा भ्रम. आयुर्वेदीय औषधांविषयी जगभर वारंवार उल्लेखिला गेलेला एक निबंध डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये, म्हणजे २० टक्क्यांमध्ये, शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळले होते. उद्धरणांच्या हिशेबाने हा आयुर्वेदावरील ‘यशस्वी’ निबंध ठरतो! त्याचा परिणामही झाला. निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी भारत शासनाने १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. ज्या फार्मसीचालकांनी तो निबंध वेळीच वाचला ते सावध झाले. ज्यांनी तो केवळ निंदा म्हणून बाजूस सारला, त्यांना नियम येऊन धडकल्यावर धावपळ करावी लागली.

गुळवेलीचे उदाहरण तर आपल्या बांधावरचे आहे. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत गेला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची निश्चिती केलेली नाही. तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही जाती अपायकारक असू शकते. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांचा निबंध आला. आता २०२१ चा निबंध पबमेडवर उघडून त्याखालील ‘साइटेड बाय’ हा भाग पाहिला, तर पुढे कोणी काय लिहिले याचा सबंध माग हाती लागतो. गुळवेल निर्दोष की सदोष, हा निकाल उल्लेखांच्या संख्येतून मिळणार नाही. परंतु कच्चा माल घेताना वनस्पतीची जात निश्चित करून घेणे, यकृतविकाराचा पूर्वेतिहास विचारणे आणि दीर्घकाळ गुळवेल घेणाऱ्यावर लक्ष ठेवणे, हे तीन धडे त्या मागातून निश्चित मिळतात.

निबंध संपूर्ण वाचावा

याउलट एक अनुकूल उदाहरण घेऊ. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोपडा व सहकारी यांनी गुडघ्याच्या संधिवातावरील चाचणी २०१३ मध्ये ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. ४४० रुग्ण, २४ आठवडे आणि चार गट अशी तिची रचना होती. दोन गटांना आयुर्वेदीय संयुक्त कल्प, तिसऱ्यास ग्लुकोसामाइन, चौथ्यास सेलेकॉक्सिब दिले गेले. गुळवेल, सुंठ, आवळा व सालई या द्रव्यांचे अर्क त्या कल्पांत होते. वेदना व हालचाल यांत आयुर्वेदीय कल्प आधुनिक औषधांच्या तोडीस उतरले. जाहिरातीस एवढे वाक्य पुरते. परंतु त्याच निबंधात असेही नमूद आहे की, आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या सात रुग्णांत कोणतेही लक्षण नसताना एसजीपीटी वाढले आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. ही ओळ वाचलेला वैद्य रुग्णास औषध तर देईल, पण यकृताची तपासणीही सांगेल. या ओळीची किंमत कोणत्याही प्रभावांकाहून अधिक आहे.

व्यवहारातील क्रम

आमच्या सभासदांनी कोणताही निबंध हाती आल्यास पुढील क्रमाने पाहावे, अशी सूचना आहे. यास मोबाईल व अर्धा तास पुरतो.

१. पुस्तिकेवरील सारांशावर न विसंबता मूळ निबंध मागावा. तो न मिळाल्यास दावा विचारात घेऊ नये.

२. निबंधाचे शीर्षक पबमेड, गूगल स्कॉलर व आयुष रिसर्च पोर्टल यांवर शोधावे. एखाद्या सूचीत तो नाही म्हणून वाईट ठरत नाही. परंतु कोठेच नसेल तर संशय घ्यावा. गूगल स्कॉलर बरे-वाईट सर्वच टिपते, हेही ध्यानात असावे.

३. आयएसएसएन क्रमांक अधिकृत पोर्टलवर पडताळावा. हा आठ अंकी क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे.

४. निबंध मागे घेतला गेला आहे काय, हे पाहावे. पबमेडवर तशी ठळक सूचना असते.

५. ‘साइटेड बाय’ उघडून किमान दोन नंतरचे निबंध वाचावेत व उल्लेख अनुकूल आहे की प्रतिकूल, हे ठरवावे. लेखकाने स्वतःचाच उल्लेख पुनःपुन्हा केला असल्यास तो वगळावा.

६. शेवटी निबंधातच पाहावे : रुग्ण किती, तुलनेचा गट होता काय, द्रव्याची ओळख कशी पटवली, उपद्रव नोंदवले काय आणि खर्च कोणी केला.

फार्मसीचालकांसाठी आणखी एक गोष्ट. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील २०१० च्या नियम १५८-ब नुसार परवान्यासाठी औषधाच्या प्रकाराप्रमाणे सुरक्षितता व परिणामकारकता यांचा पुरावा द्यावा लागतो आणि त्यात प्रकाशित वाङ्मयालाही स्थान आहे. विकतच्या नियतकालिकातील निबंध जोडून काम भागेलही. परंतु उद्या तक्रार झाल्यास तोच कागद आपल्याविरुद्ध उभा राहील. तसेच मधुमेह, कर्करोग इत्यादी रोग बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या जादूटोणा व आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध आहे. निबंध कितीही मोठ्या जर्नलात छापला तरी ती मुभा मिळत नाही.

उपसंहार

नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीचे वा निबंधाचे मोल ठरवू नये, हे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को बैठकीतून निघालेल्या जाहीरनाम्यात जगभरच्या वैज्ञानिकांनीही मान्य केले आहे. आपल्या आचार्यांनी तर परीक्षेसाठी आप्तोपदेशाच्या जोडीस प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही प्रमाणे दिली आहेत. उद्धरणांचा आकडा फार तर आप्तांच्या दाराकडे बोट दाखवील. आत जाऊन ऐकायचे, आपल्या रुग्णांत प्रत्यक्ष पाहायचे आणि युक्तीने निर्णय घ्यायचा, हे काम वैद्याचेच आहे. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड येथील आमच्या बंधुभगिनींनी प्रत्येक मासिक सभेत एका निबंधाची अशी परीक्षा तद्विद्यसंभाषेच्या रूपाने करावी. पुढील वेळी रंगीत पुस्तिका पुढे आली की आपला पहिला प्रश्न ‘प्रभावांक किती?’ हा नसून ‘मूळ निबंध कोठे आहे?’ हा असावा, एवढीच अपेक्षा.